सातव्या ॲव्हेन्यूवरचे आठ चौक

जनरल जॉन वूल 79 वर्षांचे होते, जनरल हार्वी ब्राऊन 67 चे आणि जनरल चार्ल्स सँडफर्डही 67 चेच. जुलै 1863 मध्ये न्यूयॉर्क शहर चार दिवस जळत होतं आणि शहर वाचवण्यासाठी लागणारी फौज या तिघांच्या हाताखाली होती. पहिल्याच संध्याकाळी त्यातले दोघे, कोणी कोणाचा हुकूम मानायचा, या प्रश्नावर अडून बसले. वूलना तो वाद मिटवता आला नाही.

मी महसूल खात्यातून तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. आमच्या हुद्द्याला तालुका दंडाधिकारी ही दुसरी जबाबदारीही चिकटलेली असते, त्यामुळे गणपती-मोहरमचा बंदोबस्त, मोर्चे, रास्ता रोको, पूर, सगळ्यात उभं राहावं लागलं. लेक न्यू जर्सीत एडिसनला असते. तिच्याकडे आले की मी ट्रेनने पेन स्टेशनला उतरते आणि 1863 च्या दंगलीच्या जागा बघत फिरते. जावई म्हणतात, "आई, तुम्ही तेच तेच रस्ते का बघता?" त्यांना तोंडी जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहिते.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाला दोन वर्षं होऊन गेली होती. उत्तरेकडे स्वखुशीने भरती होणारे कमी पडायला लागले, तेव्हा 3 मार्च 1863 रोजी वॉशिंग्टनने सक्तीच्या भरतीचा कायदा केला. 20 ते 45 वयाच्या पुरुषांची घरोघर फिरून नोंद करायची, मग सोडत काढायची आणि नाव निघेल त्याने युद्धावर जायचं. मात्र 300 डॉलर भरले किंवा बदली माणूस दिला तर सुटका. 300 डॉलर म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. श्रीमंतांसाठी पळवाट आणि गरिबांसाठी बंदूक, हे गोदीतल्या आयरिश मजुरांना कोणी समजावून सांगायला नको होतं. त्यात काळ्या लोकांना नागरिकच मानत नसल्यामुळे त्यांची नावं सोडतीत नव्हती. सगळा राग त्यांच्याकडे वळला. तो राग कसा वळवला गेला आणि कोणत्या वर्तमानपत्रांनी त्यात तेल ओतलं, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

शनिवारी, 11 जुलैला, तिसऱ्या ॲव्हेन्यूवर 46 व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या कचेरीत सोडत सुरू झाली. 1,236 नावं निघाली आणि दिवस शांततेत गेला. रविवारी ती नावं छापून आली. घरोघरी, गुत्त्यागुत्त्यांत ती वाचली गेली. सोमवारी सकाळी सोडत पुन्हा सुरू होताच जमाव कचेरीवर चालून आला. त्यात 'ब्लॅक जोक' नावाच्या अग्निशमन पथकाचे लोकही होते, कारण त्यांच्यातल्या एकाचं नाव निघालं होतं. कचेरी पेटवली गेली. पोलीस सुपरिंटेंडेंट जॉन केनेडी साध्या कपड्यांत एकटेच बघायला आले, लोकांनी त्यांना ओळखलं आणि मरेस्तोवर मारलं. ते वाचले हेच नवल. लढाईत जखमी झालेल्या, हलक्या कामाला लावलेल्या सैनिकांची पन्नासेक जणांची तुकडी धाडली गेली होती, तीही उधळली. दुपारी पाचव्या ॲव्हेन्यूवर 43 आणि 44 व्या रस्त्यांच्या मधलं काळ्या अनाथ मुलांचं वसतिगृह जमावाने लुटून जाळलं. आतली 233 मुलं मागच्या बाजूने बाहेर काढून 35 व्या रस्त्यावरच्या पोलीस ठाण्यात नेली म्हणून जगली.

आता त्या दिवशी शहरात हुकूम देण्याचा अधिकार कोणाकोणाकडे होता ते बघा. मी वहीत ही मांडणी केली तेव्हा माझ्या नोकरीतली सगळी वर्षं डोळ्यांपुढे आली.

सोडत घेणारे कर्नल रॉबर्ट न्यूजंट. स्वतः आयरिश, फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत जखमी झालेले. ते सक्तीची भरती राबवणाऱ्या प्रोव्होस्ट मार्शल खात्याचे, म्हणजे वॉशिंग्टनला बसलेल्या जेम्स फ्राय यांच्या हाताखालचे. न्यूयॉर्कमधला कोणताही जनरल त्यांचा थेट वरिष्ठ नव्हता. पूर्वेकडच्या लष्करी विभागाचे प्रमुख जनरल वूल, 1812 च्या युद्धापासूनचे सैनिक. बंदराभोवतीच्या किल्ल्यांवरची केंद्र सरकारची खडी फौज ब्राऊन यांच्याकडे. ते नियमित सैन्यातले कर्नल, वर मानद ब्रिगेडियर जनरल. शहरातली राज्याची मिलिशिया, म्हणजे गरजेला बोलावली जाणारी राज्याची स्वतःची फौज, सँडफर्ड यांच्याकडे. ते मेजर जनरल, पण त्यांची नेमणूक राज्याची. त्यांच्या बहुतेक रेजिमेंट त्या वेळी पेनसिल्व्हेनियात होत्या, कारण गेटिसबर्गची लढाई नुकतीच, 3 जुलैला संपली होती. नौदलाच्या गोदीत ॲडमिरल पॉल्डिंग यांचे मरीन. पोलीस दल राज्याने नेमलेल्या आयुक्तांच्या हाती, त्यामुळे महापौर ऑपडाइक यांना स्वतःच्या शहरातल्या शिपायालाही हुकूम देता येत नव्हता. आणि गव्हर्नर सीमोर न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर, लाँग ब्रँचला. ते मंगळवारी शहरात पोचले.

एवढे अधिकारी, आणि या सगळ्यांवर एक म्हणून कोणी नाही. सोडत होणार हे महिनोन् महिने आधी माहीत असताना, गडबड झाली तर कोणाची फौज कोणाच्या हुकमाने हलेल, हे कोणी कागदावर आणलं नव्हतं. साध्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतसुद्धा मतदानाचं साहित्य बाहेर काढायच्या आधी बंदोबस्ताचा आदेश निघतो. त्यात कोणत्या केंद्रावर कोण, राखीव कोण, कोणाला कळवायचं, हे नावानिशी असतं.

सोमवारी वूल यांच्याकडून ब्राऊन यांना निरोप गेला की 80 माणसं पाठवा. ब्राऊन यांनी सांगितलं, ऐंशीने काहीच भागणार नाही. त्यांनी स्वतःहून किल्ल्यांवरची आणखी फौज शहराकडे मागवली. म्हणजे संकटाचं माप या माणसाने अचूक काढलं होतं. संध्याकाळी सगळे ब्रॉडवेवरच्या सेंट निकोलस हॉटेलात जमले. महापौरही तिथेच होते. तिथे वूल यांनी आदेश दिला की केंद्राची फौज घेऊन ब्राऊन यांनी सँडफर्ड यांच्या हुकमाखाली काम करावं.

ब्राऊन म्हणाले, नाही. केंद्राचे सैनिक राज्याच्या मिलिशियाच्या अधिकाऱ्याखाली जाणार नाहीत. वूल यांनी त्यांना कामावरून मोकळं केलं.

शहर पेटलेलं, अनाथाश्रमाची राख अजून गरम, आणि हॉटेलच्या दालनात हे चाललेलं.

ब्राऊन यांच्या बाजूनेही बोलायला हवं. त्यांच्या म्हणण्यात नुसता अहंकार नव्हता. सँडफर्ड यांचा हुद्दा त्यांच्यापेक्षा वरचा होता हे खरं, पण तो राज्याने दिलेला होता. त्यांनी उद्या गोळीबाराचा हुकूम दिला, निरपराध माणसं मेली, तर वॉशिंग्टनला जाब कोणी द्यायचा? केंद्राचे सैनिक ज्या माणसाच्या तोंडी हुकमावर गोळी झाडणार तो माणूस केंद्राला उत्तरदायी नाही, हा प्रश्न खरा आहे आणि आजही खराच आहे. शिवाय राज्याचे गव्हर्नर सीमोर सक्तीच्या भरतीच्या उघड विरोधात होते. त्यांच्या मिलिशियाप्रमुखाच्या ताब्यात फौज देताना ब्राऊन यांच्या मनात काय आलं असेल, ते मला कळतं.

आपल्याकडे याचं उत्तर कायद्यात लिहिलेलं आहे. यशदातल्या प्रशिक्षणात ते आमच्याकडून घोटून घेतलं होतं. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 130, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 149. जमाव दुसऱ्या कशाने पांगत नसेल तर दंडाधिकारी सैन्याच्या अधिकाऱ्याला तो पांगवायला सांगू शकतो, आणि त्या अधिकाऱ्याने ते केलंच पाहिजे. पण कसं करायचं ते तो अधिकारी ठरवतो, कमीत कमी बळ वापरण्याच्या अटीवर. आणि दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल तर? त्याचंही पुढचं कलम आहे: सैन्याचा अधिकारी स्वतः होऊन कारवाई करू शकतो, मात्र संपर्क होताच त्याने दंडाधिकाऱ्याचं ऐकावं. इंग्रजांच्या काळापासून आलेली ही रचना आहे, तिचा दुरुपयोगही झालेला आहे. पण फौजेचा सेनापती फौजेचाच राहतो आणि काय करायचं ते मुलकी अधिकारी सांगतो, हे त्यात स्पष्ट आहे.

2005 च्या पुरात मी सांगली जिल्ह्यात होते. कृष्णेचं पाणी चढत होतं आणि सैन्याच्या बोटी आल्या होत्या. एका बोटीला दोन ठिकाणांहून दोन गावांची नावं आली. बोटीवरचे हवालदार भिजलेल्या अंगाने माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "मॅडम, गाव कोणतं ते तुम्ही एकदा सांगा. बोट कुठून घालायची ते आमच्यावर सोडा." मी गावाचं नाव लिहून, सही करून कागद त्यांच्या हातात दिला. दुसऱ्या गावासाठी दुसरी बोट मागवली. बस्स, एवढंच होतं. त्या हवालदारांना कलम 130 पाठ होतं की नाही माहीत नाही, पण त्यातला मथितार्थ त्यांनी दोन वाक्यांत मांडला होता.

वूल यांच्याकडे असा कागद लिहिण्याचा पूर्ण अधिकार होता. म्हणून तिघांत सगळ्यात मोठा दोष मी त्यांनाच देते. सँडफर्ड आणि ब्राऊन दोघेही त्या संध्याकाळी त्यांच्यासमोर उभे होते. विभागप्रमुख म्हणून ते स्वतः सगळ्या फौजेची सूत्रं हातात घेऊ शकत होते, किंवा शहराचे दोन भाग करून एकेकाला एकेक देऊ शकत होते. त्यांनी एकाला दुसऱ्याच्या हाताखाली घातलं, त्याने नकार देताच काढून टाकलं, आणि ब्राऊन पुढच्या काही तासांत परत येऊन मला काम द्या म्हणाले तेव्हा त्यांना पुन्हा घेतलं. पण हुकूम नक्की कोणाचा, हे त्यानंतरही मोघमच राहिलं. आदेश मागे घेणं आणि आदेश बदलणं यात फरक असतो. मागे घेतलेला आदेश कागदावरून जातो, लोकांच्या डोक्यातून जात नाही.

झालं असं की शहरात दोन सेनापती दोन ठिकाणी बसले. ब्राऊन मलबेरी रस्त्यावरच्या पोलीस मुख्यालयात, आयुक्त थॉमस ॲक्टन यांच्या शेजारी. सगळ्या ठाण्यांच्या तारा तिथे येत होत्या. दंगेखोर तारा तोडायचे आणि तारखात्याचे लोक वेषांतर करून त्या पुन्हा जोडायचे. बातमी आली की पोलीस आणि सैनिक मिळून तुकडी निघायची. सँडफर्ड तिथून तीन-साडेतीन किलोमीटर वर, सातव्या ॲव्हेन्यू आणि 35 व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर राज्याच्या शस्त्रागारात. शस्त्रागार जमावाच्या हाती पडलं तर सगळंच संपलं, ही त्यांची भीती रास्त होती. पण त्यासाठी जमा केलेली फौज तिथेच थबकून राहिली आणि मलबेरीला माणसं कमी पडत राहिली. एक सेनापती बातमीपाशी, दुसरा बंदुकांपाशी.

याची किंमत कोणी मोजली ते बघायला मी पेन स्टेशनातून बाहेर पडते आणि आधी दक्षिणेकडे वळते. चार-पाच चौक खाली गेलं की 27 वा रस्ता लागतो. तिथे आता फॅशनचं शिक्षण देणारी मोठी संस्था आहे, हातात कापडाचे गुंडाळे घेतलेली पोरं-पोरी ये-जा करत असतात. या कोपऱ्यावर एब्राहम फ्रँकलिन नावाच्या तरुणाला जमावाने फासावर लटकवलं.

शहरातल्या व्यापाऱ्यांनी काळ्या लोकांच्या मदतीसाठी एक समिती केली होती. तिने त्याच वर्षी छापलेल्या अहवालात त्याची हकीकत आहे. फ्रँकलिन अपंग होता, घोडागाडी हाकून स्वतःचं आणि आईचं पोट भरायचा. दंगल वाढली तेव्हा आईला सुरक्षित जागी हलवायला हवं का, हे विचारायला तो तिच्याकडे आला. म्हातारी म्हणाली, मला काही होत नाही, आणि वेळ आलीच असेल तर माझी तयारी आहे. तो तिच्याशेजारी गुडघे टेकून बसला आणि तिच्यासाठी प्रार्थना केली. तो उठतोय तोच दार फोडून लोक आत घुसले. त्याला मारलं आणि आईच्या डोळ्यांदेखत फास दिला.

त्यानंतरचं वाक्य मी कितीतरी वेळा वाचलं आहे. सैनिक आले. जमाव पांगला. सैनिकांनी त्याला खाली उतरवलं, तेव्हा त्याच्यात जीव होता, त्याने हात किंचित उचलला. सैनिक पुढे निघून गेले. जमाव परत आला, त्याला पुन्हा लटकवलं आणि त्याच्या देहाची विटंबना केली.

मग मी वळते आणि उत्तरेकडे चालायला लागते. 28, 29, 30. पेन स्टेशन आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डन डाव्या हाताला. 34 व्या रस्त्याला मेसीजची गर्दी. पुढचा चौक 35 चा. शस्त्रागार इथे होतं. सबंध आठ चौक, पाऊण किलोमीटरही नाही. गुडघे दुखत असूनही मला दहा-बारा मिनिटं लागतात. त्या आठवड्यात शहरातली सगळ्यात मोठी राखीव फौज ज्या इमारतीभोवती होती, तिथून इतक्या अंतरावर एका माणसाला एकदा सोडवून पुन्हा मरायला ठेवलं गेलं.

जमाव पांगवणं हे अर्धं काम. पांगलेला जमाव परत येतो, तासाभरात येतो, हे कोणताही अनुभवी पोलीस पाटीलसुद्धा सांगेल. म्हणून पांगवल्यावर जागा धरून ठेवावी लागते, तिथे पहारा बसवावा लागतो, जखमींना हलवावं लागतं. त्यासाठी राखीव माणसं लागतात, आणि राखीव माणसं कोणाच्या ताब्यात आहेत यावर एकमत लागतं. मलबेरीहून निघालेल्या तुकड्या एका जागेहून दुसरीकडे धावत राहिल्या, कारण मागे ठेवायला माणूस नव्हता. माणूस शस्त्रागारात होता. फ्रँकलिनला मारणारे हात जमावाचेच, त्यात शंका नाही. पण त्याच्यापाशी दोन शिपाई थांबले असते तर तो जगला असता, असं मला मनापासून वाटतं, आणि ते दोन शिपाई का थांबले नाहीत याचं उत्तर मला सेंट निकोलस हॉटेलातल्या त्या संध्याकाळी सापडतं.

तिकडे सोडतीचा गोंधळ वेगळाच. फ्राय यांनी न्यूजंटना सोडत थांबवायला सांगितलं, आणि भरती स्थगित झाल्याची सूचना न्यूजंट यांच्या सहीने वर्तमानपत्रांत आली. भरती थांबवण्यासाठीच दंगल करणाऱ्यांना त्यातून काय कळलं असेल? न्यूजंट यांचं घरही लुटलं गेलं होतं. ज्या आयरिश समाजातली माणसं घेऊन ते लढले होते, त्याच समाजातल्या लोकांनी ते लुटलं.

गुरुवारपर्यंत पेनसिल्व्हेनियाहून रेजिमेंट परतल्या आणि दंगल मोडली. मृतांचा आकडा साधारण 119 धरतात. अकरा काळ्या माणसांना फास देऊन मारलं गेलं, आणि 1860 मध्ये शहरातली काळी वस्ती साडेबारा हजारांच्या आसपास होती ती 1865 पर्यंत दहा हजारांवर आली. जे जगले त्यांतल्या अनेकांनी शहरच सोडलं.

वूल आणि ब्राऊन, दोघांनाही त्याच आठवड्यात बाजूला केलं. वूल यांच्या जागी जॉन डिक्स, ब्राऊन यांच्या जागी एडवर्ड कॅनबी. 1 ऑगस्टला दोघे निवृत्त झाले. पुढे ब्राऊन यांना दंगल शमवल्याबद्दल मानद मेजर जनरलपद मिळालं. ॲक्टन यांच्याबरोबर त्यांनी जे केलं त्याबद्दल ते मिळायला हरकत नव्हती, पण सोमवारचे ते वाया गेलेले तास त्या सन्मानपत्रात नसणार.

डिक्स यांनी सूत्रं घेतल्यावर जे केलं ते मला महत्त्वाचं वाटतं. सोडत पुन्हा घ्यायचीच होती. 30 जुलैला त्यांनी गव्हर्नर सीमोर यांना पत्र लिहून थेट विचारलं, की भरतीची अंमलबजावणी करताना राज्याच्या मिलिशियावर मी भरवसा ठेवू शकतो का? सीमोर यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मी राष्ट्राध्यक्षांना लिहिलं आहे, एवढंच कळवलं. लिंकन यांनी 7 ऑगस्टच्या उत्तरात भरती थांबवायला नकार दिला. डिक्स यांनी गव्हर्नरांच्या स्पष्ट उत्तराची वाट बघत बसण्याऐवजी वॉशिंग्टनकडे फौज मागितली, आणि सुमारे 10 हजार सैनिक शहरात आले. सगळे केंद्राचे, सगळे एका हुकमाखाली. शहराने 300 डॉलर भरू न शकणाऱ्यांसाठी 20 लाख डॉलरची तरतूद केली. 19 ऑगस्टला सोडतीचं चक्र पुन्हा फिरलं, तेव्हा कुठल्या चौकात कोण उभं राहणार हे आधीच ठरलेलं होतं आणि त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये दंगल झाली नाही.